संवाद पुटपुटतात, गाणं दणाणतं

रांजणगावच्या एमआयडीसीत टीव्ही तयार होतात, आणि आसपासच्या वन-बीएचकेंत टीव्हीवरून तक्रार एकच: संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर गाणं लागताच शेजारी दार ठोठावतात.

गाणं दोन स्पीकरांसाठी बांधलेलं असतं. गायकाचा आवाज दोन्हींकडून एकाच वेळी, सारखाच आला की मेंदू त्याला मधोमध उभा करतो. तिथे स्पीकर नसतोच! सिनेमात मात्र संवादांना बहुधा मधला स्वतंत्र स्पीकर असतो. आणि भोवती वाद्यांचा मोठा ताफा: 'सैराट' या सिनेमासाठी (२०१६) संगीतकार अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. सपाट टीव्ही असं सगळं दोन चिमुकल्या स्पीकरांत कोंबतो. मग वाद्यं शब्दांवर चढून बसणारच.

म्हणून आधी दोन चांगले स्पीकर घ्या, गाणी आणि संवाद, दोन्ही भागतं. अर्थात मधोमध बसणाऱ्याचं. घरची मंडळी पसरून बसत असतील, तर मधला स्पीकर हवाच.

खर्जासाठीच्या सबवूफरची घाई नको. ४० हर्ट्झची ध्वनिलहर सुमारे ८.५ मीटर लांब, खोली जेमतेम तीन-चार. भिंतींवरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींत मिसळून फुगतात, कुठे एकमेकींना खातात. कोपऱ्यात सबवूफर हमखास घुमतो. जागा बदलून पाहा, फुकट आहे.