होडीमागचा गळ किती खोल?

करमाडच्या मुलांना ठाऊक असलेली मासेमारी बहुधा पैठणच्या नाथसागरातली, जाळ्यांची. लक्षद्वीपमध्ये मात्र धावत्या होडीमागे गळ ओढूनही कुपा मासा धरतात. उत्तर अमेरिकेतील सरोवरांत वॉलाय हा मासाही असाच धरला जातो. या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. (जाळे ओढण्याचे ट्रॉलिंग वेगळे!) वॉलाय मंद प्रकाशात, बहुधा तळालगत वावरतो. गळ बराच वरून गेला, तर दिवस फुकट.

मग दोरीला शिसे बांधले की झाले? तसे नाही. शिशाचे पाण्यातील वजन दोरीला खाली ओढते, तर पाण्याचा रोध मागे ओढतो. वजन कायम राहते. रोध मात्र साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, दोरी १० मीटर आहे आणि रोध वजनाच्या पाव पट आहे. शिसे सुमारे ९.७ मीटर खोल राहील. होडीचा वेग दुप्पट केला की रोध चौपट, म्हणजे वजनाइतका होतो. दोरी ४५ अंशांत कलते आणि खोली ७ मीटरवर येते. वेग पुन्हा दुप्पट केल्यास जेमतेम २.४ मीटर! दोरीचा स्वतःचा रोध आम्ही येथे सोडून दिला आहे. प्रत्यक्षात त्यामुळे गळ आणखी वर येतो, म्हणूनच दोरी बारीक घेतात.

प्रयोगाला शेतातला हौद पुरे. हातभर दोऱ्याला लोखंडी नट बांधून पाण्यात सोडावा आणि काठाकाठाने आधी हळू, मग भराभर चालावे. नंतर दोऱ्याऐवजी तेवढीच सुतळी घ्यावी. नट केव्हा जास्त वर येईल, हे मुलांना आधीच विचारावे.