जुन्या इंजिनाचे वीस घोडे

‘ही मोटार वीस घोड्यांची, ती चाळीस घोड्यांची’ असें आपण सहज बोलून जातों. पण हे घोडे कोणीं मोजले, कसे मोजले, आणि शंभर वर्षांनंतर ते त्या इंजिनांत शिल्लक आहेत कीं नाहींत हें कसें ओळखावें, असा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत येतो. जुन्या मोटारी जतन करणाऱ्या मंडळींना मात्र तो टाळतां येत नाहीं. रंग, पितळी दिवे, कातडी गाद्या हें सारें डोळ्यांना दिसतें आणि पैसे टाकले कीं मिळतेंहि. इंजिनाचें सामर्थ्य दिसत नाहीं. तें सिद्ध करून दाखवावें लागतें.

उदाहरणादाखल फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ घेऊं. १९०८ च्या ऑक्टोबरांत ती विक्रीस आली आणि १९२७ च्या मे महिन्यांत बंद झाली. तेवढ्या अवधींत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. फोर्डची भारतीय कंपनी मुंबईस निघाली ती १९२६ सालीं, म्हणजे या गाडीच्या अगदीं उतारवयांत. गाडी थांबली तरी तिचें इंजिन सुट्या भागांच्या मागणीमुळें १९४१ पर्यंत तयार होत होतें. तें इतकें साधें आहे कीं यंत्रविद्येचा गंध नसलेल्या वाचकालाहि तें समजावें. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास पावणेचार इंच आणि दट्ट्याची धांव चार इंच. चारहि सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यांत, आणि वरचें झांकण सुटें. तेल चढविणारा पंप नाहीं. मागचें जडचक्र फिरतां फिरतां तेल उडवितें, त्यांतलें कांहीं एका नळीनें पुढें वाहत जातें आणि बाकीच्या भागांवर तें शिंपडलें जातें. अगदीं आरंभींच्या कांहीं गाड्या सोडल्या तर पाणी खेळविण्यासहि पंप नाहीं; तापलेलें पाणी वर चढतें व निवालेलें खालून येतें. एवढ्या सामग्रीवर मिनिटास १६०० फेऱ्यांच्या गतीला २० अश्वशक्ति मिळेल, असें कंपनी सांगत असे.

असें इंजिन उघडलें कीं पहिलें काम मापें घेण्याचें. सिलिंडर वर्षानुवर्षें घांसला जाऊन गोल राहत नाहीं. दट्ट्या ज्या दोन बाजूंवर रेलतो त्या बाजू अधिक झिजतात, आणि वरच्या टोंकाशीं, जेथें दट्ट्याच्या कड्या थबकून परततात, तेथें झीज सर्वांत अधिक असते. हीं मापें इंचाच्या सहस्रांशांत घ्यावयाचीं. वहीच्या कागदाची जाडी तीन-चार सहस्रांश असते. दोन-तीन कागद सरकतील एवढी झीज झाली कीं तेल वर जाऊन जळतें आणि वायूचा दाब खालीं निसटतो. मग सिलिंडर पुन्हां कोरून थोडे मोठे दट्टे बसविण्यावांचून गत्यंतर नसतें. झडपांचें काम याहून नाजूक. या इंजिनांत झडपेच्या दांडीखालचें अंतर बसविण्यासाठीं स्क्रू नाहीं; दांडीचें शेंपूटच बारीक बारीक घांसावें लागतें. थोडें अधिक घांसलें गेलें तर झडप उशिरां उघडूं लागते, आणि घांसलेली दांडी वाढविण्याचा उपाय कोणाजवळच नाहीं.

परंतु कारागिराची खरी परीक्षा बेअरिंगांत होते. आज बेअरिंगें तयार मिळतात आणि खोक्यांतून काढून बसवितां येतात. मॉडेल टी मध्यें तीं जागच्या जागीं ओतावीं लागतात. हा धातु म्हणजे कथील, अँटिमनी आणि तांबें यांचें मिश्रण. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या आयझॅक बॅबिट यानें १८३९ सालीं त्याचें पेटंट घेतलें आणि त्याच्याच नांवानें तो आजहि ओळखला जातो. ज्या वाचकभगिनींनीं दारांत बसून कल्हई करणारा पाहिला असेल त्यांना ही क्रिया परकी वाटणार नाहीं. भांडें तापवावयाचें, नवसागरानें साफ करावयाचें, मगच कथील धरतें. हात चुकला तर पापुद्रा सुटून येतो. येथेंहि पोलादी दांड्याला प्रथम कथलाचा हात द्यावा लागतो आणि मग वितळलेला धातु ओतावयाचा. धार मध्येंच तुटतां कामा नये. ठोकळा बिडाचा असतो, आणि बीड कथलाला सहजासहजीं जवळ करीत नाहीं. म्हणून तेथें छिद्रें ठेविलेलीं असतात. धातु त्यांत शिरून पाचरीप्रमाणें अडकतो. थंड झाल्यावर तो कोरावयाचा, क्रँकशाफ्टला निळा रंग लावून तो फिरवून पाहावयाचा, आणि रंग सर्वत्र सारखा उमटेपर्यंत खरडत बसावयाचें. कल्हईवाला आळींतून जसा दिसेनासा झाला, तसेच हें काम जाणणारे कारागीरहि आतां थोडेच उरले आहेत.

क्रँकशाफ्ट ही या इंजिनाची दुबळी जागा. तो बारीक आहे, त्याला समतोल राखणारीं वजनें नाहींत, आणि शंभर वर्षांच्या वळशा-पिळ्यांनीं त्यांत केंसासारख्या भेगा पडलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहींत; दंडास चुंबकत्व देऊन लोखंडाची बारीक पूड टाकली म्हणजे पूड भेगेवर जमते आणि रेघ उमटते. अशी रेघ दिसल्यावरहि केवळ ‘अस्सल’पणाच्या मोहानें तोच दंड पुन्हां बसविणारे हौशी लोक आहेत. हा हट्ट मला पटत नाहीं. गाडींत मुलेंबाळें बसावयाचीं असतात. नवा, वजनें लावलेला दंड आज तयार मिळतो. तो बसवावा आणि गाडीच्या कागदांत तशी स्पष्ट नोंद करावी.

इंजिन जुळलें. आतां त्याचे घोडे मोजावयाचे. अश्वशक्तीचें माप जेम्स वॉट यानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ठरविलें. १८० पौंडांच्या ओढीनें, १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळांत, तासाला १४४ फेरे घालणारा गिरणीचा घोडा त्यानें हिशेबांत धरला. गुणाकार ३२,५७२ आला, तो वाढवून मिनिटास ३३,००० फूट-पौंड असा पक्का केला. हें माप घेण्याचें साधें साधन १८२१ सालीं फ्रान्समध्यें गास्पार द प्रोनी यानें काढलें. इंजिनाच्या दंडावर एक चाक बसवावयाचें, तें दोन लांकडी ठोकळ्यांत चिमट्याप्रमाणें आवळावयाचें, आणि ठोकळ्यांना जोडलेल्या लांब तरफेचें टोंक वजनकांट्यावर टेंकवावयाचें. चाक ठोकळ्यांना आपल्याबरोबर ओढूं पाहतें, आणि ती ओढ कांट्यावर पौंडांत वाचतां येते. तरफेचें स्वतःचें वजन आधींच वजा करून ठेवावयाचें.

यांत एक गमतीची युक्ति आहे. तरफ बरोबर ६३ इंच लांब घेतली तर सारें गणित सुटतें: पौंडांना फेऱ्यांनीं गुणावें आणि हजारानें भागावें, कीं आली अश्वशक्ति. म्हणजे १६०० फेऱ्यांना वीस घोडे हवे असतील तर कांटा साडेबारा पौंड दाखवील. साडेपांच किलोंच्या आसपास! भाजीच्या पिशवीएवढ्या या वजनासाठीं एवढा खटाटोप. उलट ९०० फेऱ्यांना कांटा १५.८ पौंडांवर चढतो, पण अश्वशक्ति भरते ती १४ च्या सुमारास. ओढ अधिक आणि शक्ति कमी, हें प्रथम विचित्र वाटतें. पण ओढीला गतीची जोड मिळाली म्हणजेच शक्ति होते. चढावर जुनी फोर्ड संथपणें पण हट्टानें चढते, त्याचें कारण हेंच.

ही सारी शक्ति ठोकळ्यांत उष्णता होऊन बसते. वीस घोड्यांची उष्णता म्हणजे बंबांतलें वीस लिटर पाणी अडीच मिनिटांच्या आंत स्नानाजोगें करणारी. लांकूड जळूं नये म्हणून चाकांतून पाणी सोडावें लागतें. पुढें १८७७ सालीं विल्यम फ्रूड या इंग्रज एंजिनिअरानें लांकूड टाकून देऊन पाण्याच्याच विरोधानें शक्ति मोजणारें यंत्र केलें, आणि त्याचेच वंशज मोटारींच्या परीक्षागृहांत वापरले जाऊं लागले. गाडीचीं चाकें रुळांवर फिरवून शक्ति मोजण्याची सोयहि आज आहे. पण तेथें मिळणारा आंकडा चाकांशीं पोंचलेल्या शक्तीचा असतो. मधल्या दांत्यांनीं आपली दस्तुरी आधींच घेतलेली असते.

चाचणी करतांना इंधनाचा मार्ग पूर्ण उघडावयाचा, ब्रेक आवळून गति स्थिर करावयाची आणि आंकडा टिपावयाचा. मग थोडें सैल करून पुन्हां तसेंच. या इंजिनांत आणखी एक सोय आहे. प्रत्येक सिलिंडरसाठीं गुणगुणणारी स्वतंत्र कॉइल असते. एकेकीची पट्टी बोटानें दाबून धरली कीं तो सिलिंडर मुका होतो, आणि कांटा किती उतरला तें दिसतें. चारहि वेळां उतार सारखा आला तर काम चोख. एखाद्या वेळीं कांटा जेमतेम हलला तर तो सिलिंडर आळशी आहे असें समजावें.

आंकडा कमी भरला म्हणून लगेच कारागिरास दोष देऊं नये. इंजिन हवा खातें, आणि उंचीवर हवा विरळ होते. मुंबईच्या किनाऱ्यावर वीस घोडे देणारें इंजिन पुण्यास पावणेएकोणीसच्या आसपास देईल आणि महाबळेश्वरीं सतराच्या घरांत. थंड हवेनें थोडी भरपाई होईल तेवढीच. म्हणून चाचणीच्या कागदावर हवेचा दाब आणि उष्णमान लिहिलेलें नसेल तर त्या आंकड्याला मी फारशी किंमत देत नाहीं.

आणि आंकड्यांचीं सोंगें पाहावयाचीं असतील तर ब्रिटनकडे पाहावें. तेथें १९२१ पासून मोटारींवर दर घोड्यास एक पौंड कर बसला. पण घोडे मोजले ते कागदावर. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतील वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. फोर्डचा व्यास मोठा, त्यामुळें कागदावर तिचे साडेबावीस घोडे झाले. म्हणजे होते त्याहून अधिक! या सूत्रांत धांवेचा हिशेबच नव्हता. तेव्हां ब्रिटिश कारखानदार अरुंद आणि लांब सिलिंडर करूं लागले, आणि करापुरते सात-आठ घोडे दाखवून रस्त्यावर अधिक पळवूं लागले.

वीस भरले तरी कित्येकांचें समाधान होत नाहीं. अधिक दाबाचें झांकण बाजारांत मिळतें. तें बसविलें कीं कांटा वर चढतो. पण चालत्या गाडीचा ब्रेक यंत्रपेटींतील एका पट्ट्यावर अवलंबून असतो. मागच्या आंसांतल्या जुन्या बॅबिटच्या चकत्या चुरल्या तर दांते सुटतात आणि तो ब्रेक एकाएकीं निकामी होतो. उरतो तो फक्त हाताचा ब्रेक, आणि तोहि दुबळा. आधीं त्या चकत्या बदलाव्या, मग घोडे वाढविण्याचा विचार करावा.

चाचणी संपल्यावर इंजिन निवूं द्यावें आणि तेल गरम असतांनाच पांढऱ्या भांड्यांत काढावें. खालच्या झांकणांतून हात घालून चारहि दांडे हलवून पाहावे. तेल उन्हांत धरल्यावर त्यांत रुपेरी कण चमकले, तर बॅबिट सुटूं लागला आहे. कांट्यानें वीस दाखविले असले तरी इंजिन पुन्हां उघडावें लागेल.