ओलीस पत्रकाराच्या जिवाची किंमत कोण ठरवते?

२००६ साली ‘अ मायटी हार्ट’ या चित्रपटाचे चित्रीकरण पुण्यात झाले. अँजेलिना जोलीला पाहायला गर्दी उसळली होती. पुण्याचे रस्ते या चित्रपटात कराचीचे रस्ते म्हणून दिसतात. जोलीने जिची भूमिका केली त्या मारियान पर्ल बौद्ध आहेत, यावर मात्र आपल्याकडे फारसे बोलले गेले नाही.

मारियान यांचे पती डॅनियल पर्ल हे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे दक्षिण आशियाचे ब्युरो चीफ होते आणि मुंबईत राहत होते. अफगाणिस्तानात युद्ध सुरू झाल्यावर बातमीच्या मागावर ते पाकिस्तानात गेले. २३ जानेवारी २००२ च्या संध्याकाळी कराचीत एका मुलाखतीसाठी ते बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. मारियान तेव्हा गरोदर होत्या.

पर्ल बेफिकीर नव्हते. जोखीम मोठी म्हणून अफगाणिस्तानात जाणे त्यांनी टाळले होते. कराचीतल्या भेटीबद्दलही त्यांनी जाणकारांना विचारले होते, आणि भेट सार्वजनिक ठिकाणीच घ्या असा सल्ला त्यांना मिळाला होता. पण सापळा बंदुकीने नव्हे, ओळखीने लावला गेला. उमर शेख खोट्या नावाने त्यांना रावळपिंडीत भेटला, नंतर ईमेल लिहीत राहिला. बायको आजारी आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा, असेही त्याने लिहिले. हा तोच उमर शेख. १९९४ मध्ये परदेशी पर्यटकांना ओलीस धरल्याबद्दल तो भारतात तुरुंगात होता आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी कंदाहारला आयसी-८१४ विमानातल्या ओलिसांच्या बदल्यात सुटला होता.

ओलीस धरणे म्हणजे नुसते पळवून नेणे नव्हे. एकाच्या गळ्यावर सुरी ठेवून तिसऱ्याकडून काही वसूल करायचे, हा तो व्यवहार. पर्ल यांचे साखळदंडातले फोटो ईमेलने आले, ग्वांतानामोतल्या पाकिस्तानी कैद्यांबाबत मागण्या आल्या. आधी त्यांना सीआयएचा हेर म्हटले, मग मोसादचा. २१ फेब्रुवारीला त्यांच्या हत्येची चित्रफीत हाती आली. तिच्यात माझे वडील ज्यू, माझी आई ज्यू, मी ज्यू, असे त्यांच्याकडून वदवून घेतलेले आहे. त्यांनी काय लिहिले याचा प्रश्नच उरला नव्हता. जन्म विचारला गेला. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणे काय असते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मारियान निचिरेन परंपरेच्या बौद्ध आहेत. तेराव्या शतकातल्या जपानी भिक्खूची ही परंपरा. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचा जप हा तिचा गाभा. बाबासाहेबांनी दाखवलेल्या धम्ममार्गाहून ती बरीच वेगळी आहे. पण पतीच्या हत्येनंतर लगेच या बाईंनी, पाकिस्तानी माणसेही अशाच हिंसेत मरत आहेत, याची आठवण जगाला करून दिली. सूडाची भाषा त्यांनी वापरली नाही. त्या चित्रफितीचे तुकडे अमेरिकेत टीव्हीवर दाखवले गेले तेव्हा कुटुंबाने विरोध केला. कारण ती चित्रफीत मारेकऱ्यांनी बघणाऱ्यांसाठीच बनवली होती. शिरूर-दौंडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा व्हिडिओ आला की ‘सत्य कळू द्या’ म्हणत पुढे ढकलणारे आपलेच कार्यकर्ते असतात.

पर्ल यांचे नाव निदान जगाला माहीत आहे. मार्च २००७ मध्ये अफगाणिस्तानच्या हेल्मंदमध्ये तालिबानने तिघांना पकडले : इटालियन पत्रकार दानिएले मास्त्रोजाकोमो, त्यांचे अफगाण सहकारी पत्रकार अजमल नक्शबंदी आणि ड्रायव्हर सय्यद आगा. ड्रायव्हरचा शिरच्छेद झाला. इटालियन पत्रकार पाच तालिबानी कैद्यांच्या बदल्यात सुटले. अजमलसाठी तसा सौदा करायला सरकारने नकार दिला आणि ८ एप्रिलला त्यांना मारले. २००९ मध्ये कुंदूझला सैनिकांनी छापा घालून ब्रिटिश पत्रकार स्टीफन फॅरेल यांना सोडवले. त्यांचे अफगाण सहकारी सुलतान मुनादी त्याच छाप्यात गोळीबारात गेले. पकडताना जन्म पाहिला जातो, सोडवताना पासपोर्ट.

कायदा असा भेद करत नाही. जिनिव्हा करारांच्या समान कलम ३ नुसार ओलीस धरण्याला बंदी आहे. १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचे कलम ७९ युद्धक्षेत्रातल्या पत्रकाराला नागरिक मानते. भारताने मात्र हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही.

आपल्याकडे युद्ध नाही. पण गडचिरोलीच्या बंदोबस्ताला गेलेल्या जवानाची खबर येईपर्यंत घर कसे थांबते, हे राज्य राखीव दलाचे गट असलेल्या दौंडला माहीत आहे. १ जानेवारी २०१८ ला शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमात दगडफेक आणि जाळपोळ झाली. अशा जागी आधी पोहोचतो तो गावचा वार्ताहर किंवा मोबाईल घेतलेला आपला पोरगा. बातमी शहरातल्या नावाने छापून येते, मार मात्र तो खातो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या पत्रकार संरक्षण कायद्यात पत्रकारावरील हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड आहे. पण या कायद्यातला पत्रकार म्हणजे नोकरीवर किंवा करारावर नेमलेला माणूस. हातात नेमणुकीचा कागद नसेल तर आपण पत्रकार आहोत हे आधी ठाण्यातच सिद्ध करावे लागते. म्हणून ज्या पोर्टलसाठी, ज्या चॅनेलसाठी तुम्ही फुकट धावता, त्यांच्याकडे पुढच्या बातमीआधी ते पत्र मागा.