इंग्रजीचा नन्नाचा पाढा

इंग्रजी भाषेने नकार देण्याचे काम पुष्कळदा उपसर्गांवर सोपवले आहे. 'अन्', 'इन्', 'डिस्', 'नॉन्' हे तिचे भालदार. यांतला एखादा शब्दापुढे उभा राहिला की अर्थ उलटला, अशी मुलांची समजूत असते, आणि पुष्कळ पालकांचीही. मी शिकवतो मराठी. पण घरोघरी विरुद्धार्थी शब्दांच्या याद्यांची घोकंपट्टी चाललेली ऐकली, की या भालदारांची कुळकथा सांगावीशी वाटते.

'अनहॅपी'तला 'अन्' इंग्रजीच्या घरचा, 'इन्' लॅटिनकडून आलेला, आणि 'अनार्की'तला 'अन्' ग्रीकांचा. आपल्या संस्कृतातला 'अ' हा या तिघांचा सख्खा भाऊ. चौघांचे मूळ एकच. 'धर्मा'चा आपण 'अधर्म' करतो, पण पुढे स्वर आला की 'आदरा'चा 'अनादर' होतो. ग्रीकांचा नियमही हाच. 'अनार्की' म्हणजे शासक नसणे. आपल्या 'अराजका'ची जणू जुळी बहीणच! 'उत्' आणि 'लेख' मिळून 'उल्लेख' होतो, तसेच लॅटिन 'इन्' 'लीगल'ला भेटताच 'इल्' होते. 'इल्लीगल'मध्ये दोन 'एल' का, हे संधी शिकलेल्या मुलाला घोकावे लागत नाही.

मात्र नकार नेमका कशाला आहे, हे पाहावे. 'इन्व्हॅल्युएबल' वस्तू कवडीमोल नसते; तिची किंमत करता येत नाही, म्हणून ती अमूल्य. 'इन्फेमस' माणसाला तर सारे गाव ओळखते, पण दुष्कीर्तीमुळे! न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' असावा, म्हणजे निकालात त्याचा स्वार्थ नसावा. तो 'अनइंटरेस्टेड' निघाला, तर वकिलांच्या भाषणात खुशाल डुलक्या घेईल.

इथवर गंमत झाली. 'इन्फ्लेमेबल' हा शब्द मात्र जिवावर बेतणारा आहे. यातला 'इन्' नकाराचा नाहीच. पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो आला आहे. 'इन्कम्बस्टिबल' म्हणजे न जळणारे. 'इन्फ्लेमेबल' म्हणजे चटकन पेट घेणारे! या घोटाळ्यापायी कुणी भाजू नये, म्हणून अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९२० च्या दशकात 'फ्लेमेबल' या शब्दाचा आग्रह धरला.

आपण हसायला नको. ऋग्वेदात वरुणालाही आदराने 'असुर' म्हटले आहे. पुढे त्यातला 'अ' नकाराचा समजला गेला आणि उरलेल्या 'सुर' शब्दाला देव हा अर्थ मिळाला, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात.

तेव्हा मुलांना यादी देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायला शिकवा: हा उपसर्ग खरोखर नकाराचा आहे काय? असल्यास तो काय नाकारतो? आणि दिवाळीत घराला लावायच्या रंगाच्या डब्यावर 'इन्फ्लेमेबल' असे छापलेले दिसले, तर व्याकरणाची चर्चा मागाहून करा. आधी तो डबा पणतीपासून दूर ठेवा.