मागे राहणाऱ्यांसाठी एक कागद

येळ्ळूरच्या कोणत्याही घरात जा, भिंतीवर कालनिर्णय टांगलेले दिसेल. १९७३ साली ते सुरू करणारे ज्योतिर्भास्कर जयंतराव साळगावकर २० ऑगस्ट २०१३ रोजी निवर्तले. मृत्युपत्र त्यांनी २०११ मध्येच करून ठेवले होते. तरी म्युच्युअल फंडांतील गुंतवणुकीवरून उद्भवलेला कुटुंबातील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नॉमिनी म्हणून नाव लागल्याने कोणी मालक होत नाही, हक्क वारसांचाच, असा निकाल १४ डिसेंबर २०२३ रोजी लागला.

आपल्याकडे मात्र बँकेत पत्नीचे नाव लावले की सारे झाले, असा समज आहे.

२०२१ च्या साथीनंतर एका विद्यार्थ्याची आई कागदांची पिशवी घेऊन शाळेत आली. उतारा कन्नडमध्ये, म्हणून वाचून घ्यायला लोक आमच्याकडे येतात. शेत अजून आजेसासऱ्यांच्या नावावर. उताऱ्यावर नाव एका रीतीने, आधारपत्रावर दुसऱ्या. नवरा गेलेला, भात कापणीला आलेले, आणि कर्जाच्या अर्जावर लिहायला तिच्या नावाची जमीन नाही! सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली दाखल केला. त्याच्या निकालाची वाट पाहण्यावाचून आपल्या हाती काही नाही. घरातली वाटणी मात्र आपणच लिहून ठेवू शकतो.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साधा कागद, मराठी भाषा चालते. दोन साक्षीदारांसमोर सही करावी व त्यांनीही आपल्यासमोर करावी. ज्यांना काही मिळायचे आहे त्यांना साक्षीदार न केलेले बरे. नोंदणी सक्तीची नाही, पण केल्यास पुढचे वाद कमी होतात. सर्व्हे नंबर मात्र उताऱ्यावरूनच उतरवावा.

वडिलोपार्जित मिळकतीतला केवळ आपला हिस्साच मृत्युपत्राने देता येतो. त्यात मुलीचाही जन्मसिद्ध वाटा आहे. कर्नाटकाने तो १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने २००५ मध्ये मान्य केला. तरी लग्नाच्या गडबडीत बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई आपल्याकडे चालतेच. मला ती पटत नाही, आणि हे मी तोंडावर सांगितल्यामुळे दोन घरे माझ्याशी बोलत नाहीत. असो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगे, मुली यांच्याबरोबर त्याची आईही समान वारस ठरते. म्हातारीला सहसा सगळे विसरतात.

उद्यमबागेत भागीदारीत कारखाना चालवणाऱ्यांनी करारपत्र काढून पाहावे. त्यात वेगळे काही ठरलेले नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारीही संपते.

त्या बाईंचा वारसानोंदीचा अर्ज अखेर दिला. वंशावळ लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. आजेसासऱ्यांपासून नावे मोजली, ती एकवीस भरली.