कांदिवलीचे दगड, हथनोऱ्याची कवटी

भाईंदरहून चर्चगेटची स्लो लोकल धरली की मिरा रोड, दहिसर, बोरिवली आणि मग कांदिवली. या चौथ्या स्टेशनाचं नाव अश्मयुगाच्या अभ्यासकांना पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. डब्यात चेंगरून उभ्या असलेल्यांना मात्र क्वचितच. रॉयल इंडियन नेव्हीतले लेफ्टनंट कमांडर के. आर. यू. टॉड यांनी तिथल्या माती आणि खडीच्या थरांतून दगडी हत्यारं गोळा केली. त्यांवरचा त्यांचा निबंध १९३९ साली लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात छापून आला.

हे ऐकलं की हमखास विचारलं जातं, ‘म्हणजे कांदिवलीत आदिमानव सापडला?’

नाही. सापडली ती हत्यारं. त्या काळच्या माणसाचं एकही हाड नाही. हत्यार आणि जीवाश्म या दोन गोष्टींची गल्लत सगळ्यात जास्त होते, म्हणून ती आधी सोडवलेली बरी. दगड टिकतो, हाड कुजतं. हाडाचा जीवाश्म व्हायचा तर ते लवकर गाळात किंवा राखेत गाडलं जावं लागतं आणि भोवतालची माती त्याला मानवावी लागते. पूर्व आफ्रिकेतली तळी आणि ज्वालामुखीची राख, दक्षिण आफ्रिकेतल्या चुनखडीच्या गुहा यांनी ते काम केलं. कोकणात खाली काळा पाषाण, वर आम्लधर्मी लाल माती आणि त्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. अशा जागी हाड विरघळून जातं. माणूस इथे नव्हता असा याचा अर्थ होत नाही. त्याचे दगड तर समोर आहेत.

भारतापुरतं बोलायचं तर पुरातन मानवाची नावाजलेली कवटी एकच. ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या हथनोरा गावाजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना ती मिळाली, आणि तीही अर्धवट: कवटीच्या वरच्या भागाची उजवी बाजू. आधी तिला होमो इरेक्टस म्हटलं गेलं, पुढे अनेकांनी तिला होमो सेपियन्सच्या जुन्या रूपाजवळ नेऊन बसवलं. वयाचे अंदाजही अडीच लाखांपासून पाच लाख वर्षांपर्यंत फिरतात.

घटोत्कचाचा सांगाडा मात्र कुठेही सापडलेला नाही. खड्ड्यात पडलेला अवाढव्य सांगाडा आणि शेजारी मुंगीएवढी माणसं, हा त्याचा म्हणून फिरवला गेलेला फोटो २००४ पासून आधी ईमेलने आणि मग व्हॉट्सॲपने घरोघर पोचला. तो २००२ साली एका कॅनेडियन चित्रकाराने फोटो-करामतीच्या स्पर्धेसाठी बनवला होता. त्यातला खड्डा खरा आहे, पण तो न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कचा. तिथे हत्तीच्या एका नामशेष नातलगाचे अवशेष खणले जात होते.

बोरिवलीला उतरून कान्हेरीला जाणाऱ्यांचा गैरसमज वेगळा. लेणी म्हणजे गुहा, गुहा म्हणजे आदिमानव! कान्हेरी ही बौद्ध भिक्खूंची वसाहत, छिन्नी-हातोड्याने कोरलेली, साधारण दोन हजार वर्षांची. टॉड यांच्या हातकुऱ्हाडींपुढे ती कालची म्हणायची.

आता वयाचा प्रश्न. ‘कार्बन टेस्ट केली की कळतं’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ही पद्धत एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंना लागू पडते, आणि तीही साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंतच. दगडाचं वय काढूनही भागत नाही. इथला पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. त्याचा छिलका कुणी कधी उडवला हे पाषाण सांगत नाही. म्हणून हत्यार कोणत्या थरात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली होतं, हे बघावं लागतं.

ते किती अवघड जातं याचा नमुना पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी गाव आहे. तिथे दगडी हत्यारांबरोबर ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. राखेचं वय काढता येतं, त्यामुळे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना घबाडच लागलं. १९८८ मध्ये आकडा आला चौदा लाख वर्षं. १९९५ मध्ये दुसऱ्या पद्धतीने आला ६ लाख ७० हजार. इतरांनी राखेचं रसायन तपासून सांगितलं, ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महास्फोटाची, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची राख. त्यात नदीने राख आणि हत्यारं जागची हलवली असतील तर दोघांचं वय एकच धरायचं का, हाही पेच उरतो. आकडा बदलला म्हणून ‘शास्त्रज्ञांनाच काही ठाऊक नाही’ म्हणणारे भेटतात. जुना आकडा नव्या पद्धतीने तपासला जातो म्हणून तर तो बदलतो.

आणि माणूस माकडापासून झाला? चिंपांझी आपला चुलत भाऊ, आजोबा नव्हे. दोघांचा सामाईक पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा. वाकलेल्या वानरापासून ताठ माणसापर्यंतची ती एका रांगेतली आकृती तर फारच फसवी. साठ हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर एकाच वेळी अनेक मानवजाती नांदत होत्या. त्यांतल्या निअँडरथलचा एक-दोन टक्के वारसा आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांच्या डीएनएमध्ये आहे, म्हणजे भाईंदरच्या फलाटावरही.

आदिमानव म्हणजे नुसता हाणामारी करणारा रानटी, ही समजूत जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याने खोटी पाडली. चाळीसगावजवळच्या या गावी १९७० च्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, आणि नक्षी कोरलेला कवचाचा एक तुकडाही. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा खानदेशात शहामृग हिंडत होते, आणि त्यांच्या अंड्याच्या कवचाला बारीक भोक पाडून कुणीतरी दागिना करत होतं.