फ्रीमेसन लॉजमधील प्रवेश

फ्रीमेसन लॉजमधील प्रवेश म्हणजे फ्रीमेसनरी या जागतिक बंधुसंघटनेचे सदस्यत्व मिळवण्यासाठी नवागताला पार करावी लागणारी प्रक्रिया होय. स्वेच्छेने केलेला अर्ज, विद्यमान सदस्यांची शिफारस, चौकशी, गुप्त मतदान आणि दीक्षाविधी हे तिचे प्रमुख टप्पे आहेत. जात, पंथ वा देश यांचा विचार न करता सर्वांना बंधू मानावे, असे संघटनेचे तत्त्व सांगते. मात्र दार कोणासाठी उघडायचे हे आतील सदस्य ठरवतात. या दोहोंतील विसंगती पश्चिम भारतात एकोणिसाव्या शतकात ठळकपणे पुढे आली.

संज्ञा आणि पार्श्वभूमी

'मेसन' म्हणजे गवंडी किंवा पाथरवट. मध्ययुगीन ब्रिटनमधील दगडी बांधकाम करणाऱ्या कारागिरांच्या संघांशी या संघटनेचे नाते जोडले जाते. कारागीर जेथे जमत त्या जागेला 'लॉज' म्हणत. पुढे सदस्यांच्या स्थानिक शाखेला हेच नाव पडले. अनेक लॉजचे नियमन करणाऱ्या संस्थेला 'ग्रँड लॉज' म्हणतात. पहिले ग्रँड लॉज लंडन येथे २४ जून १७१७ रोजी स्थापन झाल्याचे परंपरेने मानले जाते. १७२३ साली त्याची नियमावली छापली गेली.

गुण्या आणि कंपास ही संघटनेची सर्वपरिचित खूण आहे. गुण्या हा सचोटीचे, कंपास हा संयमाचे, ओळंबा हा सरळ वर्तनाचे आणि पाणसळ ही समतेचे प्रतीक मानली जाते. बंधुप्रेम, साहाय्य आणि सत्य ही तीन मूलतत्त्वे होत. लॉजमध्ये धर्म व राजकारण यांवर वाद करण्यास मनाई असते.

पात्रता

उमेदवार सज्ञान, सच्छील आणि स्वतंत्र बुद्धीचा पुरुष असावा, तसेच त्याची परमेश्वरावर श्रद्धा असावी, अशी मुख्य प्रवाहातील ग्रँड लॉजची अट असते. परमेश्वर कोणत्या धर्मातील, हे विचारले जात नाही. त्याचा उल्लेख 'विश्वाचा महान शिल्पकार' असा केला जातो. इंग्लंडच्या परंपरेत किमान वय २१ वर्षे होते. विशेष परवानगीने सवलत मिळे. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग यांना १८८६ साली लाहोर येथे विसाव्या वर्षी अशाच सवलतीने दीक्षा मिळाली.

आर्थिक लाभाच्या हेतूने आपण प्रवेश मागत नाही, असे उमेदवाराला जाहीर करावे लागते. प्रवेशशुल्क, वार्षिक वर्गणी आणि दानधर्म यांचा भार कुटुंबावर पडता कामा नये, अशीही अपेक्षा असते.

प्रवेशाची पद्धत

परंपरेनुसार सदस्याने कोणाला आग्रहाने ओढून आणू नये. इच्छा उमेदवाराच्याच मनात उपजावी आणि त्याने स्वतः विचारणा करावी. रोटरीसारख्या सेवासंस्थांत सदस्यत्वाचे निमंत्रण देण्याची रीत आहे. फ्रीमेसनरीत मात्र पहिला शब्द नवागताचा असतो.

विचारणेनंतर उमेदवाराला एक प्रस्तावक व एक अनुमोदक लागतो. उमेदवाराच्या चारित्र्याची हमी हे दोघे देतात. त्यानंतर काही ज्येष्ठ सदस्य त्याची भेट घेऊन त्याचा हेतू, श्रद्धा, उपजीविका आणि कुटुंबीयांची संमती यांविषयी विचारतात. एका सभेत नाव मांडले जाते आणि पुढील सभेत मतदान होते.

मतदान पेटीत गोळी टाकून केले जाते. पांढरी गोळी संमतीची, काळी नकाराची. कोणी कोणती गोळी टाकली हे इतरांना दिसत नाही. इंग्लंडच्या नियमांनुसार तीन काळ्या गोळ्या पडल्यास प्रवेश नाकारला जातो; परंतु एक किंवा दोन गोळ्याही पुरेशा ठरतील असा पोटनियम लॉजला करता येतो. एकत्र बसणाऱ्या माणसांत कटुता नसावी, हा या पद्धतीचा हेतू होय. मात्र विरोधकाला कारण सांगावे लागत नसल्यामुळे वाजवी आक्षेप आणि निव्वळ पूर्वग्रह यांत फरक करण्याची सोय तीत नाही.

दीक्षाविधीत उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाते. त्याच्याजवळील नाणी व धातूच्या वस्तू काढून ठेवल्या जातात. श्रीमंत असो वा गरीब, त्याने रिक्त हस्ते आत यावे, हा त्यामागील अर्थ. तो आपल्या धर्माच्या पवित्र ग्रंथावर शपथ घेतो. भारतातील लॉजमध्ये एकाच वेळी अनेक धर्मांचे ग्रंथ ठेवण्याची प्रथा आहे. दीक्षेनंतर त्याला पांढरा चामडी अंगपट्टा मिळतो आणि तो 'एंटर्ड अप्रेंटिस' म्हणजे शिकाऊ ठरतो. पुढे 'फेलो क्राफ्ट' आणि 'मास्टर मेसन' या दोन पायऱ्या असतात.

पश्चिम भारतातील प्रवेशाचा प्रश्न

भारतातील पहिले लॉज कलकत्ता येथे १७३० साली आणि मुंबईतील पहिले १७५८ साली स्थापन झाले. दीर्घकाळ त्यांचे सदस्य प्रामुख्याने युरोपीय अधिकारी, सैनिक व व्यापारी होते. क्वचित एखाद्या भारतीय राजपुत्राला प्रवेश मिळे; सर्वसाधारण भारतीयासाठी दार बंद असे.

मुंबईतील पारशी विचारवंत माणेकजी कर्सेटजी यांनी हे दार ठोठावले. ते पुढे मुंबईच्या लघुवाद न्यायालयात न्यायाधीश झाले आणि १८६३ साली त्यांनी मुलींसाठी अलेक्झांड्रा विद्यालय काढले. मुंबईतील युरोपीय सदस्यांनी त्यांच्या प्रवेशास विरोध केला. नियमावलीत पारशांना बंदी नव्हती, तरी तेथील सभासदांची संमती मिळेना. अखेर माणेकजींनी पॅरिस येथील लॉजमध्ये दीक्षा घेतली.

पश्चिम भारतातील स्कॉटिश लॉजचे प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांनी या प्रश्नावर वेगळा मार्ग काढला. भारतीयांना प्रवेश देता यावा यासाठी मुंबईत १५ डिसेंबर १८४३ रोजी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज स्थापन झाले. त्याच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांत पारशांसोबत मुस्लिमही होते. या तोडग्याने मतदानाची पद्धत बदलली नाही. मत देणारी माणसे बदलली. प्राच्यविद्येचे अभ्यासक खुर्शेदजी रुस्तमजी कामा हे पुढील काळातील नामांकित पारशी सदस्यांपैकी होत.

हिंदूंच्या प्रवेशाचा वाद अधिक काळ चालला. अनेक देवतांची उपासना करणाऱ्याची एका परमेश्वरावर श्रद्धा आहे असे मानावे काय, आणि जातिबंधने पाळणारा सर्वांना बंधू कसा मानील, असे आक्षेप घेतले गेले. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ साली प्रवेश मागितला. त्यांना दीक्षा मिळाली ती १८७२ साली. १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढील काळातील स्वामी विवेकानंद, यांनी कलकत्त्यातच दीक्षा घेतली.

भारताचे ग्रँड लॉज

स्वातंत्र्यापूर्वी भारतातील लॉज इंग्लंड, स्कॉटलंड किंवा आयर्लंड यांपैकी एखाद्या ग्रँड लॉजच्या अधीन असत. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाले. रामपूरचे नवाब रझा अली खान हे त्याचे पहिले ग्रँड मास्टर होत. काही लॉजनी मात्र जुन्याच ग्रँड लॉजशी नाते कायम ठेवले. त्यामुळे एकाच शहरात निरनिराळ्या ग्रँड लॉजच्या शाखा आढळू शकतात. अर्ज करण्यापूर्वी संबंधित लॉज कोणाच्या अधीन आहे, हे विचारून घेणे नवागताच्या हिताचे असते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसर

पुण्यातील फ्रीमेसनरीचा इतिहास लष्करी छावणीशी निगडित आहे. पिंपरी-चिंचवडची वाढ त्यानंतरची. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे मोटार व यंत्रोद्योग आले आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. त्यानंतर उद्योगांचा विस्तार चाकणपर्यंत पोहोचला. येथील लोकवस्तीचा मोठा भाग नोकरीनिमित्त परगावाहून आलेला आहे.

अशा नवागतासमोरची मुख्य अडचण शिफारशीची असते. ज्या शहरात बालमित्र वा नातलग नाहीत तेथे चारित्र्याची हमी देणारा प्रस्तावक कोठून आणावा? अशा वेळी लॉजच्या चिटणीसाकडे किंवा ग्रँड लॉजच्या प्रादेशिक कार्यालयाकडे थेट विचारणा करता येते. सदस्य प्रथम त्याची ओळख करून घेतात. परिचय दृढ झाल्यावरच कोणी प्रस्तावक होण्यास तयार होतो. यास काही महिने लागणे स्वाभाविक आहे. लॉजच्या सभा ठरलेल्या दिवशी आणि बहुधा सायंकाळी होतात. म्हणून पाळीने काम करणाऱ्याने आपल्याला नियमित हजेरी शक्य आहे का, याचा आधी विचार करणे इष्ट ठरते. विधी बहुतेक ठिकाणी इंग्रजीत होतात आणि त्यांतील बराच भाग पाठ करावा लागतो.

सदस्यत्वाचा उपयोग ठेका, बढती किंवा व्यवसाय मिळवण्यासाठी करणे नियमबाह्य आहे. त्यामुळे पैसे भरताच सदस्यत्व आणि ऐश्वर्य मिळेल, असे आमिष दाखवणारा अनोळखी संदेश फसवणुकीचा समजावा. प्रत्यक्ष भेट, प्रस्तावक आणि मतदान यांवाचून या संघटनेत प्रवेश होत नाही.

टीका

सभांच्या गुप्ततेमुळे संघटनेभोवती संशय राहिला. उत्तर भारतात लॉजच्या इमारतीला लोक 'जादूघर' म्हणत. सदस्याला आपले सदस्यत्व जाहीर करण्याची मुभा असते. ओळखीच्या खुणा मात्र गुप्त ठेवाव्या लागतात. रोमन कॅथलिक चर्चने १७३८ साली अनुयायांना सदस्यत्व निषिद्ध केले आणि १९८३ साली त्या भूमिकेचा पुनरुच्चार केला.

मुख्य प्रवाहातील लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेश नाही. १८९३ साली पॅरिस येथे स्त्री-पुरुष दोघांनाही सामावून घेणारी शाखा निघाली. ॲनी बेझंट यांनी १९०२ साली तिची दीक्षा घेतली आणि पुढे भारतात तिचा प्रसार केला. मुख्य प्रवाहातील ग्रँड लॉज या शाखेला मान्यता देत नाहीत. धर्म व वंश यांवरून अडवले जाणारे दार भारतात एकोणिसाव्या शतकात उघडले. लिंगभेदाचा प्रश्न मुख्य प्रवाहापुरता तसाच राहिला आहे.